दोन केळी आणि चार स्लाइस

१

फाईल गेली होती, पण एक्स-रे जागच्या जागी होते. क्लबात जो तो फाईलबद्दल बोलत होता. आत्याला मात्र पहिल्या पाच मिनिटांतच खटकले ते एक्स-रे.

धावपटूंच्या त्या क्लबातली तपासणीची खोली तशी लहानशीच. एक पलंग, एक टेबल, भिंतीला लागून वजनकाटा आणि कोपऱ्यात पत्र्याचं कपाट. कपाटाला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली टेबलाच्या खणात असायची, हे झाडूवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बुधवारी संध्याकाळी सहाला डॉक्टरांनी भिंगरीची हिरवी फाईल त्या कपाटात ठेवली. गुरुवारी सकाळी उघडून पाहतात, तर फाईल गुल. रक्ताचे रिपोर्ट, हाडांचा रिपोर्ट, डॉक्टरांनी हातानं लिहिलेली पानं, सगळं गेलेलं. एक्स-रेचं जाडजूड पाकीट मात्र त्याच कप्प्यात तसंच उभं.

आणि शुक्रवारी सकाळी भिंगरीच्या वडिलांचा फोन आला. "अक्का, पोरीच्या पायाचं हाड वर्षात दुसऱ्यांदा तडकलं, आणि आता तिची फाईल चोरीला गेलीय. म्हणते, कोणीतरी माझ्या वाईटावर आहे. मी इथून पोचेपर्यंत उद्याची संध्याकाळ होईल. तू जातेस का?"

"विचारतोस काय? चपला घातल्यासुद्धा," आत्या म्हणाली.

अठ्ठावीस वर्षं ती वीज मंडळाच्या भरारी पथकात होती. तारांवर आकडे टाकणारे, मीटरला छेडछाड करणारे, शेजाऱ्याच्या वायरीतून फ्रिज चालवणारे, सगळ्यांना तिनं पकडलं होतं. चोर तिला घार म्हणायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत तिच्या वाट्याला आलेली सगळ्यात मोठी चोरी म्हणजे शेजारच्या मांजरानं पळवलेलं दूध. तेव्हा भाचीची काळजी खरी असली, तरी क्लबच्या फाटकातून आत शिरताना तिच्या पावलांत जरा जास्तच उत्साह होता, हे कबूल करायला हवं.

खोली पाहून झाल्यावर ती बाहेर खिडकीखालच्या लोखंडी बाकावर टेकली आणि टेकल्या टेकल्या "अगं बाई गं!" म्हणून उडालीच. बाक उन्हानं नुसता तापला होता.

"त्या बाकावर कोणी बसत नाही, ताई," क्लबचे प्रशिक्षक म्हणाले. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. गोल पोट, गळ्यात शिट्टी, आणि दोन रात्री झोप न झाल्यासारखे डोळे. "तुम्हाला सगळं स्पष्टच सांगतो. उद्या अकरा वाजता निवड समितीचे डॉक्टर येतायत. भिंगरी या मोसमात धावू शकणार नाही, हे तर झालंच. पण दुखापतीचं नेमकं कारण आणि उपचार कागदावर असले, तर संघातली तिची जागा वर्षभर राखून ठेवतात. कागद नसले, तर नाव कटतं. लॅबवाले दुसरी प्रत देतील, पण सोमवारी."

"म्हणजे आपल्याकडे उद्या अकरापर्यंत वेळ आहे."

"आपल्याकडे?" सर म्हणाले.

आत्या तोवर वसतिगृहाच्या जिन्याशी पोचली होती.

भिंगरी पलंगावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पट्ट्यांचा बूट. तेवीस वर्षांची पोर. रांगायला लागली तेव्हापासून एका जागी ठरली नाही म्हणून घरच्यांनी हे नाव पाडलेलं. आज ती एका जागी बसून होती.

तिनं आत्याचा हात धरून जवळ ओढला आणि दाराकडे बघत कुजबुजली, "आत्या, वर्षभर माझ्या बाटलीत कोणीतरी काहीतरी घालतंय. आणि कोण घालतंय, तेही मला माहीत आहे."

२

"तुफान," भिंगरी म्हणाली.

तुफान म्हणजे पलीकडच्या खोलीतली धावपटू. दोघी एकाच अंतराच्या शर्यती धावायच्या. गेल्या वर्षापर्यंत भिंगरी पुढे असायची. मग भिंगरीची वेळ वाढत गेली, सर्दी हटेना, झोप लागेना, थंडीत पावलाचं हाड तडकलं आणि आता नडगीचं. तुफान आपली मजेत पुढे.

"आणि बाटल्या कोण भरतं?"

"आपापल्या आपण."

"मग ती घालणार कधी?"

भिंगरीचे डोळे भरून आले. "काहीतरी होतंय ना गं मला. मी कमी मेहनत करतेय का? सगळ्यांपेक्षा जास्त पळते. मग असं का होतं?"

आत्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत तिनं एक पाहिलं होतं. घरातले दिवे मंद झाले की माणूस आधी शेजाऱ्यावर संशय घेतो. कधीकधी तो खराही असतो.

तुफान गच्चीवर ओले कपडे वाळत घालत होती. धिप्पाड, हसरी, घामानं निथळत असलेली. आत्यानं नाव सांगताच तिनं हात पुढे केला. हात चांगला गरम होता.

"माझ्यावरच संशय असणार," तुफान म्हणाली. "मी तिच्या जागी असते, तर मीही माझ्यावरच घेतला असता."

"फाईल घेतलीस का?"

"नाही. मला तिला हरवायचंय, आत्या, पण मैदानात. ती पलंगावर आणि मी पहिली, यात काय मजा? सकाळी एकटी धावते तर मागे वळून बघायची सवय जात नाही." तिनं एक टॉवेल झटकला. "आणि फाईलीत काय आहे ते मला चोरून वाचायची गरजच नाही. बुधवारी दुपारी डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून तासभर सगळं सांगितलं. खाणं, झोप, पाळी, हाडं. काही वाटलं तर येऊन विचारा म्हणाल्या. तेव्हा भिंगरीचे रिपोर्ट यायचे होते."

"मग कोणी घेतली असेल?"

तुफाननं दोरीवरचे चिमटे उगीचच इकडचे तिकडे केले. क्लबात सध्या तीनच खेळाडू होते. बाकीचे सरावासाठी डोंगरात गेले होते. भिंगरी, तुफान आणि लांबू नावाचा एक मुलगा. शिवाय आचारी, डॉक्टर आणि सर. झाडूवाला आठवडाभर आजारी होता.

"सांगू की नको असं झालंय," ती शेवटी म्हणाली. "बुधवारी सातच्या सुमाराला मी सरांना तपासणीच्या खोलीतून बाहेर येताना पाहिलं. चेहरा असा, की कोणी थोबाडीत मारली असावी. आणि गुरुवारी सगळ्यांसमोर ते म्हणाले, की बुधवारी आपण त्या खोलीकडे फिरकलोच नाही."

३

सरांना गाठायचं तर ते मैदानावर. म्हणून आत्या निघाली, पण वाटेत स्वयंपाकघर लागलं आणि आचाऱ्यानं तिला अडवलं.

"तुम्हीच ना चोर पकडायला आलात? मग माझाही चोर पकडा."

"तुमचं काय गेलं?"

"केळी!" आचारी पंख्याखाली उभा राहूनही पंच्यानं वारा घेत होता. "काल पहाटे दोन केळी गेली, ब्रेडच्या चार स्लाइस गेल्या, दूध गेलं ग्लासभर. आज पहाटे पुन्हा तेच! मी साडेपाचला येतो, त्याच्या आधीच कोणीतरी हात मारून जातं. मधाची बाटली चिकट करून ठेवली. आणि मजा बघा, ग्लास धुऊन पालथा घातलेला! वीस वर्षांत असा चोर बघितला नाही. मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?"

शेगडीजवळच्या स्टुलावर एक उंच, किडकिडीत मुलगा चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. आत्या दिसताच तो उठला, तिला खुर्ची पुसून दिली आणि स्वतः पुन्हा शेगडीशी सरकला. हाच लांबू. स्वेटर घातलेला, आवाज सर्दीनं बसलेला. पुढच्या महिन्यात लग्न ठरलंय, असं आचाऱ्यानंच परस्पर सांगून टाकलं, तर लांबू लाजण्याऐवजी खाली बघू लागला.

"केळी मांजर नेत असेल," आत्या म्हणाली.

"मांजर मध लावून खातं का?"

जेवायची वेळ झाली होती. भिंगरी कुबड्या टेकत आली आणि तिचं ताट पाहून आत्या थक्क झाली. डोंगर होता डोंगर! काकडी, गाजर, कोबी, उकडलेल्या भाज्या. डोंगराच्या पायथ्याशी दोन चमचे भात आणि दोन अंडी. अंड्यांमधलं पिवळं काढून तिनं बाजूला ठेवलं. वीस मिनिटं ती चावत होती.

"पोट भरलं?" आत्यानं विचारलं.

"तुडुंब. डॉक्टरांचं ते खाण्याबद्दलचं बोलणं मला लागू नाही. मी क्लबात सगळ्यात जास्त खाते, आत्या. विचार हवं तर."

"खरंय," आचारी म्हणाला.

तुफानचं ताट निम्म्या उंचीचं होतं. पण त्यात भात होता, बटाटे होते, लोणी होतं, अंडी होती, आणि ती दुसऱ्यांदा घेऊन आली. आत्यानं दोन्ही ताटं नीट पाहून घेतली. मीटर बघण्याआधी घर बघावं, अशी तिची जुनी सवय.

सर मैदानाच्या कडेला सावलीत बसले होते. आत्या शेजारी बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"बुधवारी सात वाजता तुम्ही त्या खोलीत होतात."

सरांनी शिट्टी ओठांत धरली, पुन्हा सोडली. "होतो."

"मग खोटं का बोललात?"

"कपाट उघडलं, तर फाईल नव्हती. तेव्हाच गेलेली होती, ताई! मी ओरडलो असतो, तर पहिला प्रश्न आला असता, सर, तुम्ही इथे काय करत होतात?"

"काय करत होतात?"

"वाचायची होती मला. गुपचूप." त्यांचा आवाज खाली आला. "वर्षापूर्वी मी तिचा सराव वाढवला. आठवड्याला ऐंशी किलोमीटर होते, एकशे तीस केले. ती म्हणाली, जमेल. वजन बघत होतो, वजन एक ग्रॅम हललं नाही. म्हटलं, सगळं ठीक आहे. मग पहिलं हाड तडकलं. दुसरं तडकलं, तेव्हा मला भीती वाटायला लागली, की त्या फाईलीत माझं नाव असेल."

"मी केली नाही हो चोरी," एवढं बोलून ते ओशाळं हसले. "करायलाच गेलो होतो म्हणा. कोणीतरी माझ्या आधी केली."

सहाला डॉक्टरांनी फाईल ठेवली. सातला नव्हती. आत्या उठली आणि डॉक्टरांच्या दवाखान्याकडे निघाली.

४

डॉक्टर वयानं लहान होत्या आणि फार वैतागलेल्या होत्या.

"मला भिंगरीनं परवानगी दिलीय, म्हणून सांगते. बाटलीत कोणी काही घातलेलं नाही. रक्तात विष नाही, औषध नाही, काही नाही. तिच्या शरीरात काही जास्त नाही झालेलं, आत्या. कमी झालंय."

"काय कमी?"

"अन्न."

आत्याच्या डोळ्यांसमोर तो हिरवागार डोंगर उभा राहिला. "ती ताट भरून खाते, डॉक्टर. मी बघून आलेय."

"पोट भरतं तिचं. शरीराचं भागत नाही. काकडी कितीही खाल्ली, तरी त्यात असून असून किती ताकद असणार? वर्षभरापूर्वी सराव दीडपटीहून जास्त केला. त्याच सुमाराला टपाल खात्यात नोकरी धरली. दिवसभर सायकलवरून पत्रं वाटते. ताट मात्र तेच राहिलं, उलट हलकं झालं. पहाटे तर रिकाम्या पोटी पळते. हलकं वाटतं म्हणे!"

आत्या हळूच म्हणाली, "म्हणजे येणारी वीज तेवढीच आणि वापर दुप्पट."

"अगदी."

"मग लोडशेडिंग होणारच."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "हे मी फाईलीत लिहायला हवं होतं. शरीर तेच करतं. हृदय चालू, पाय चालू, बाकीच्या खोल्यांचे दिवे बंद. आधी पाळी थांबते. तिची आठ महिने आलेली नाही, आणि तिला वाटत होतं, की सराव चांगला चाललाय याची ती खूण आहे! मग हाडांची डागडुजी थांबते. अंगात ऊब राहत नाही, सर्दी हटत नाही, झोप उडते. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही, कारण शरीर बचत करत असतं. म्हणून तर हे कोणाच्या लक्षात येत नाही."

"आणि यावर उपाय?"

"विश्रांती, आणि खाणं. शेवटच्या पानावर सगळं लिहिलं होतं. उठल्यावर, काहीही करण्याआधी, दोन केळी, मध लावून ब्रेडच्या चार स्लाइस, ग्लासभर दूध. मग..."

"थांबा!" आत्या खुर्चीतून उठली. "पुन्हा सांगा."

"दोन केळी, मध लावून चार स्लाइस..."

"आणि ग्लासभर दूध." आत्या मटकन खाली बसली आणि इतकी हसली, की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. "डॉक्टर, आपल्या चोराला फाईल लपवायची नव्हती. फाडायचीही नव्हती. तो ती वाचतोय. आणि बिचारा पथ्य पाळतोय!"

डॉक्टर बघतच राहिल्या.

"म्हणूनच एक्स-रे राहिले," आत्या म्हणाली. "भिंगरीचं वाईट करायचं असतं, तर आधी तेच नेले असते. दुसऱ्याच्या नडगीच्या फोटोचा याला काय उपयोग? याला हवी होती ती लिहिलेली पानं. मला एक सांगा, बुधवारी दुपारी तुम्ही मुलींशी बोलत होतात, तेव्हा तपासणीच्या खोलीची खिडकी उघडी होती?"

"होती. उकडत होतं."

"आणि मुलांना का नाही बोलावलंत?"

डॉक्टरांचा हात तोंडाशी गेला. त्या म्हणाल्या, "मुलांनाही होतं. अगदी हेच होतं. त्यांची पाळी थांबत नाही, म्हणून आणखीच उशिरा कळतं. हे मला ठाऊक असून मी..."

"राहू द्या. उद्या पहाटे स्वयंपाकघरात मी आहे," आत्या म्हणाली. "तुम्ही फक्त फोन चालू ठेवा."

५

शनिवारी पहाटे पाचला स्वयंपाकघराचं दार हळूच लोटलं गेलं. आतला दिवा चालूच होता. टेबलावर ताट मांडलेलं होतं: दोन केळी, मध लावलेल्या चार स्लाइस, दूध, वर दोन उकडलेली अंडी, पिवळ्यासकट. आणि टेबलापलीकडे आत्या बसली होती.

"ये, बस," ती म्हणाली. "उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही."

दारातला लांबू दगडासारखा उभा राहिला. पळून जायचा विचार त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेला तिनं पाहिला. पळाला असता तर तिला तो सापडला नसता. तो दहा किलोमीटरचा पट्टीचा धावपटू आणि तिचे दोन्ही गुडघे सांधेदुखीचे. पण तो आत आला, बसला, आणि त्यानं ओंजळीत तोंड लपवलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आधी खा. दूध गार होतंय."

तो खाऊ लागला तशी आत्या बोलू लागली. "तुफानला चोरी करायची गरज नव्हती, तिला डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलं होतं. सर सहानंतर घरी जातात आणि सकाळी सहालाच येतात, त्यादिवशी उशिरा थांबले ते फाईलीपायी. आणि फाईल नसल्याची थोबाडीत खाल्ल्यासारखं तोंड करून गेले. पहाटेची केळी काही त्यांच्या हाती लागणार नाहीत. आचारी स्वतःच्या चोरीची तक्रार स्वतः कशाला करेल? भिंगरीला जिना उतरायला दहा मिनिटं लागतात आणि कुबड्यांचा आवाज साऱ्या इमारतीत घुमतो. राहिला कोण?"

"मी," लांबू घास गिळत म्हणाला.

"शिवाय तो बाक. भर दुपारी त्या तापलेल्या लोखंडावर कोणी बसत नाही, सर म्हणाले. पण खिडकीतलं बोलणं ऐकायचं, तर तिथंच बसावं लागतं. मग तिथं बसेल तो कोण? आचारी पंख्याखाली वारा घेत असताना जो स्वेटर घालून शेगडीशी बसतो, तोच."

लांबूनं दुसरी स्लाइस उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. मग तो बोलता झाला. तो ऊन खायला बाकावर बसला होता. डॉक्टर आत एकेक लक्षण सांगत होत्या आणि त्याला वाटत होतं, या माझंच सांगतायत. सतत थंडी. झोप नाही. तीन महिने हटेना अशी सर्दी. कितीही पळालं तरी वेळ सुधारत नाही. "सहा महिने मी याच्या मागे आहे, आत्या. बाहेर एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, एवढा पळतोस, तुला काय धाड भरलीय? आणि हे तर मुलींचं निघालं! मी आत जाऊन काय विचारणार होतो? म्हटलं, रात्रभर वाचू, सकाळी परत ठेवू. सकाळी बघतो तर आरडाओरडा झालेला. नंतर धीरच झाला नाही."

"भिंगरीचं नाव कटलं असतं, हे माहीत होतं?"

"काल जेवताना कळलं. काल रात्रीच ठेवून येणार होतो, पण सरांनी कुलूप बदललं." त्यानं मान खाली घातली. "आज मी स्वतः सांगणारच होतो. खरंच. खाल्ल्यावर."

'खाल्ल्यावर' ऐकून आत्याला हसू आवरेना. लांबूही कसनुसा हसला, आणि मग त्याचे कान लाल झाले.

"अजून एक आहे. पुढच्या महिन्यात लग्न आहे ना... ते... म्हणजे मला हल्ली... तुम्हाला कसं सांगू?"

"मला मुळीच सांगू नकोस!" आत्या घाईघाईनं म्हणाली. "डॉक्टरांना सांग. त्यांनी शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं असेल बघ. तो दिवासुद्धा परत लागतो म्हणे."

"लिहिलंय," लांबू म्हणाला. "चार वेळा वाचलं."

त्यानं स्वेटर वर केला. पोटाशी, बनियनच्या आत खोचलेली हिरवी फाईल बाहेर आली. मधाचा एक डाग सोडला, तर अगदी जशीच्या तशी.

६

अकराला निवड समितीचे डॉक्टर आले. म्हातारे, जाड भिंगांचा चष्मा, फारसं न बोलणारे. त्यांनी फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. खोलीत सगळे उभे होते.

"हा डाग कसला?" त्यांनी विचारलं.

"मध," लांबू पुढे होऊन म्हणाला. "फाईल मी घेतली होती, साहेब. भिंगरीचा यात काही दोष नाही. मलाही तेच झालंय. माझीही अशी फाईल करा, आणि काय कारवाई करायची ती करा."

भिंगरी वळून त्याच्याकडे बघू लागली. आत्याला वाटलं, आता ही कुबडी फेकून मारते. भिंगरी म्हणाली, "मूर्खा, मला विचारलं असतंस, तर मीच वाचून दाखवली असती ना!" आणि मग तिला रडू आलं, पण ते कालचं रडू नव्हतं. तिनं तुफानकडे हात केला. "आणि तू मला माफ कर गं."

"माफी कसली? लवकर बरी हो," तुफान म्हणाली. "मला मागे वळून बघायचा कंटाळा आलाय."

म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षांत औषध चोरणारे पाहिले. पथ्य चोरून पाळणारा पहिलाच." त्यांनी पेन उघडलं. "दोघांच्या जागा राखून ठेवा. दोघांची तपासणी दर महिन्याला. आणि प्रशिक्षक कोण?"

"मी," सर म्हणाले. त्यांनी गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरली होती. "साहेब, सराव मी वाढवला. खाणं वाढवायला हवं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी फक्त काटा बघत बसलो. हे लिहून घ्या."

"तुम्हीच लिहून ठेवा. ताटाचं वेळापत्रक सरावाच्या वेळापत्रकाशेजारी," म्हातारे डॉक्टर म्हणाले.

दुपारी सरांनी आणि आचाऱ्यानं मिळून वजनकाटा उचलला आणि अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवला. आचारी वाटेत म्हणत होता, की आता केळ्यांची ऑर्डर दुप्पट करावी लागणार, आणि वीस वर्षांत त्याला इतका आनंद झालेला कोणी पाहिला नव्हता.

७

पाच महिन्यांनी, एका मंगळवारी, आत्या शिंप्याकडे ब्लाउजचं माप द्यायला गेली होती. दुकानात चारपाच बायका, शिलाई मशिनची खडखड, शिंप्याच्या तोंडात टाचण्या. फोन वाजला.

"आत्या!" भिंगरीचा आवाज इतका मोठा होता, की मशिन चालवणाऱ्यानं पाय थांबवला. "आत्या, आली!"

"काय आलं?"

"अगं, आली! सकाळी! आठ आणि पाच, तेरा महिन्यांनी! डॉक्टर म्हणतात, हाडंही छान भरतायत. सोमवारपासून सर मला हळूहळू पळायला सोडणार. मी पोस्टातच नाचले, साहेब बघत बसले."

"आली?" आत्या ओरडली. "आली! अरे वा! आली!" आणि साठ वर्षांच्या त्या बाईनं, गळ्याभोवती शिंप्याचा टेप लटकत असताना, तिथल्या तिथे गिरकी घेतली. गुडघा करकरला, पण तिनं लक्ष दिलं नाही.

"आणि ऐक," भिंगरी म्हणाली, "लांबूनं काल आपली सगळ्यात चांगली वेळ दिली. बायको फाटकापाशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्याला तर घाम फुटला होता, आत्या, घाम! आता ठेवते, भूक लागलीय."

"जा, जेव," आत्या म्हणाली. "पोटभर जेव."

फोन ठेवून तिनं डोळे पुसले. सगळं दुकान तिच्याकडे बघत होतं. शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"कोण आलं हो, ताई?"

आत्यानं क्षणभर विचार केला, आणि मग दोन्ही हात पसरून, मापासाठी पुन्हा सरळ उभी राहिली.

"वीज," ती म्हणाली. "आमच्या घरी वीज आली."